चित्रातला काळा उजळवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कृष्णवर्णीय चित्रकारांवर पूर्ण पान आलं, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. नागपूरच्या वाचकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ज्या गावात हे नातं इतकं जुनं आहे, तिथे ही चित्रं नीट छापली जावीत आणि नीट पाहिली जावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

त्या पानावर अमेरिकी चित्रकार केरी जेम्स मार्शल यांचं ‘पास्ट टाइम्स’ हे १९९७ सालचं चित्र दोन कॉलमांत बसवलं होतं आणि खाली एकच ओळ होती : किंमत २ कोटी ११ लाख डॉलर. मूळ चित्र साधारण ९ फूट उंच आणि १३ फूट रुंद आहे, कॅनव्हासवर अॅक्रिलिक आणि कोलाज. त्या ओळीत यातलं माप नाही, माध्यम नाही, सालही नाही. किंमत २०१८ च्या लिलावातली आहे आणि ती चित्रकाराच्या खिशात गेलेली नाही. १९९७ मध्ये शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने ते २५ हजार डॉलरला घेतलं होतं, लिलावात विकलं ते त्या संस्थेने. पण किंमत छापली याचं आम्हाला फार वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटलं ते चित्रातली माणसं उजळवल्याचं. चेहरे ‘दिसावेत’ म्हणून कुणीतरी फोटोतल्या गडद छटा वर ओढल्या आणि काळी माणसं करडी-तपकिरी झाली. असं झाल्यावर त्या चित्रात पाहण्यासारखं जे होतं तेच निघून जातं.

मार्शल यांनी माणसं काळी रंगवणं ठरवून केलं. १९८० सालचं त्यांचं एक छोटं चित्र आहे, वहीच्या पानाएवढं, सुमारे २० बाय १६ सेंटिमीटर, कागदावर अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाचं. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस, काळा कोट, काळी टोपी. पहिल्या नजरेला फक्त डोळ्यांचे पांढरे, सदऱ्याचा पांढरा आणि दात दिसतात. थांबून पाहिलं की पार्श्वभूमीचा काळा, कोटाचा काळा आणि कातडीचा काळा वेगळे होऊ लागतात. पुढे त्यांनी हेच काम मोठ्या आकारात नेलं. त्यांच्याकडे मुळात तीन काळे असतात : हाडं जाळून केलेला आयव्हरी ब्लॅक, काजळीपासूनचा कार्बन ब्लॅक आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा मार्स ब्लॅक. त्यांत कोबाल्ट निळा, क्रोम ऑक्साइड हिरवा, डायऑक्साझीन जांभळा मिसळून आणखी काळे तयार होतात. गालाचा उंचवटा, कानाची पाळी, मानेखालची सावली हे सगळं एका काळ्यावर दुसरा काळा ठेवून घडवलेलं असतं. पांढरा मिसळून उजेड दाखवायचा सोपा मार्ग त्यांनी घेतलेला नाही.

आता हे छपाईत कसं बिघडतं ते सांगतो, कारण पुढच्या वेळी ते टाळता येण्यासारखं आहे. वर्तमानपत्री कागद शाई पितो. छापील फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो; निम्मी जागा झाकणारा, म्हणजे ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर उतरतो तेव्हा ७५ टक्क्यांच्या आसपासचा दिसतो. ८५-९० टक्क्यांच्या पुढचे ठिपके एकमेकांत मिसळून सपाट होतात. मार्शल यांच्या चित्रातले सगळे चेहरे नेमके त्याच पट्ट्यात येतात. म्हणून फोटो छपाईसाठी तयार करणाऱ्या ऑपरेटरसमोर दोनच वाटा आहेत असं वाटतं : तसंच सोडलं तर चेहऱ्याच्या जागी डाग, उजळवलं तर करडा माणूस. तिसरी वाट आहे. सगळ्यात गडद बिंदू पूर्ण काळाच ठेवायचा आणि त्याच्या लगतच्या छटांमधलं अंतर तेवढं वाढवायचं. चित्रातल्या उजळ भागाला हातही लावायचा नाही. दुसरं म्हणजे शाई वाचवण्यासाठी निळा, गुलाबी, पिवळा कमी करून त्यांची जागा एकट्या काळ्या शाईच्या प्लेटला देण्याची जी पद्धत सर्रास चालते, ती या चित्रांपुरती सौम्य ठेवायची. जांभळट काळा आणि हिरवट काळा यांच्यातला फरक उरतो तो त्या बाकीच्या तीन शायांमध्येच. त्या काढल्या की सगळे काळे एकाच रांगेत येऊन बसतात. आणि चार चित्रं तिकिटाएवढी छापण्यापेक्षा एक चित्र अर्ध्या पानावर, त्याशेजारी त्यातल्याच एका चेहऱ्याचा मोठा तुकडा, एवढं केलं तरी वाचकाला बरंच मिळेल.

एमी शेराल्ड यांच्या चित्रांना मात्र याच्या बरोब्बर उलटं वागवावं लागतं. त्यांनी रंगवलेलं मिशेल ओबामा यांचं २०१८ सालचं व्यक्तिचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, लिननवर तैलरंग, सुमारे सहा फूट बाय पाच फूट. त्यात कातडी मुद्दाम करड्या छटांत आहे. कपडे आणि पार्श्वभूमी रंगीत. हा करडा चार शायांतून जुळवायला गेलं आणि मॅजेंटा म्हणजे गुलाबी शाई जराशी जास्त पडली, की हात-चेहरा गुलाबी होतो आणि वाचकाला वाटतं, रंग उडालाय. इथे करड्याचा भार काळ्या प्लेटवरच टाकलेला बरा. त्या झग्यावरच्या भौमितिक पट्ट्यांकडे जरूर पाहावं. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शिवलेल्या गोधड्यांशी त्या ताडून पाहिल्या जातात. दोन्हींचे फोटो शेजारी छापले तर पानभर मजकुराची गरज नाही.

फोटोओळीत किमान पाच गोष्टी असाव्यात : चित्रकार, चित्राचं नाव, साल, माध्यम, माप. ते चित्र कुठल्या संग्रहालयात आहे हे सहावं. आणि कापलेलं असेल तर ‘चित्राचा भाग’ असं स्पष्ट लिहावं. जागा फार लागत नाही. नमुना : ‘केरी जेम्स मार्शल, स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर, २०१२, न ताणलेल्या कॅनव्हासवर अॅक्रिलिक आणि चमकी, २७४ बाय ४०१ सेंमी, बर्मिंगहॅम म्युझियम ऑफ आर्ट, अलाबामा.’ एवढ्या ओळीतून वाचकाला कळतं की कॅनव्हास चौकटीवर ठोकलेला नाही, फलकासारखा भिंतीवर टांगलेला आहे. चमकी आहे म्हणजे समोरून हललं की उजेड हलतो. आणि रुंदी १३ फूट आहे म्हणजे शाळेच्या वर्गातल्या फळ्यापेक्षा मोठं.

याच चित्रात कापणं किती घातक ठरतं ते पाहण्यासारखं आहे. प्रसंग एका ब्यूटी पार्लरमधला. बायका, आरसे, भिंतीवरची पोस्टर्स, गर्दी. खालच्या भागात जमिनीवर एक पिवळट, लांबलचक ओघळ दिसतो. छोट्या फोटोत तो छपाईतला दोष वाटतो, आणि पान लावणाऱ्याचा पहिला मोह तो कापायचाच होईल. चित्राच्या एका कडेला जाऊन भिंतीलगत तिरकं पाहिलं की तो ओघळ आक्रसतो आणि परीकथेतल्या सोनेरी केसांच्या राजकन्येचं डोकं होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हॉल्बाइनचं १५३३ सालचं दोन राजदूतांचं चित्र आहे, त्यात कवटी अशीच तिरकी रंगवलेली आहे. मार्शल यांनी ती युक्ती तिथून घेतली. पार्लरमधल्या मोठ्या बायकांना त्या डोक्याचं काही पडलेलं नाही. एक लहान मूल तेवढं वाकून त्याकडे बघतंय. आरशात पाहा : फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तिथे फुटलेला आहे आणि त्याच्या झोतात चित्रकाराचा स्वतःचा चेहरा झाकला गेलाय. वर्तमानपत्रात हे मोठं छापलं तर वाचक पान डोळ्यांच्या पातळीला आडवं धरून ते डोकं घरी बसून शोधू शकेल.

लंडनच्या टेट संग्रहातलं क्रिस ओफिली यांचं ‘नो वुमन, नो क्राय’ (१९९८) फोटोत तर अर्धंच येतं. २४४ बाय १८३ सेंटिमीटरचं चित्र. रडणाऱ्या बाईचा चेहरा बाजूने दाखवलेला. ते भिंतीवर टांगत नाहीत. हत्तीच्या शेणाच्या, रेझिनने पक्क्या केलेल्या दोन गोळ्यांवर उभं करून भिंतीला टेकवतात, आणि तसाच तिसरा गोळा तिच्या गळ्यातल्या लोलकाच्या जागी आहे. शेण म्हटलं की आपल्याकडे कुणी दचकणार नाही, पण म्हणून तिथे थांबू नये. जवळ गेल्यावर तिच्या गालावरच्या प्रत्येक अश्रूत कागदाचा एक इवलासा तुकडा चिकटवलेला दिसतो, आणि प्रत्येक तुकड्यावर एकाच मुलाचा फोटो आहे : स्टीफन लॉरेन्स. एप्रिल १९९३ मध्ये लंडनमध्ये वर्णद्वेषातून त्याचा खून झाला. ही रडणारी बाई त्याच्या आईला समोर ठेवून रंगवली आहे. शिवाय वरच्या रंगाखाली अंधारात चमकणाऱ्या रंगाने त्याचं नाव आणि १९७४-१९९३ ही सालं लिहिलेली आहेत. दिव्यांच्या उजेडात ती अक्षरं जेमतेम जाणवतात; दिवे घालवले तरच चमकतात, आणि दालनातले दिवे सहसा कुणी घालवत नाही. म्हणून निदान त्या जागेवर नजर रेंगाळू द्यावी.

ग्लेन लायगन यांचं १९८८ सालचं एक काम वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. पांढऱ्या पृष्ठभागावर मोठ्या काळ्या अक्षरांत एकच वाक्य, ‘मी माणूस आहे’ अशा अर्थाचं. तैलरंग आणि एनॅमल, सुमारे १०२ बाय ६४ सेंटिमीटर. हे वाक्य मेम्फिसच्या सफाई कामगारांनी १९६८ च्या संपात फलकावर लिहून हातात धरलं होतं. कचऱ्याच्या गाडीत दोन कामगार चिरडून मेले, त्यानंतर सुमारे १३०० कामगार संपावर गेले. त्याच संपाला पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले असताना ४ एप्रिल रोजी त्यांचा खून झाला. फोटोत हे चित्र छापील फलकासारखं सपाट दिसतं. समोर उभं राहिलं की कळतं, हे हाताने रंगवलेलं आहे, पांढरा रंग जाड आहे, त्याला उंचसखलपणा आहे, आणि तो तडकलेला आहे. तैलरंग आतून सावकाश सुकतो, एनॅमल वरून लवकर कडक होतं. दोन थरांची चाल वेगळी पडली की वरचा थर फाटतो. जाणकाराने हा दोष मानून पुढे जाऊ नये, कारण चित्रकारच पुढे गेलेला नाही. लायगन यांनी संग्रहालयात कलाकृतींची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञाकडून या चित्राची रीतसर तपासणी करून घेतली. प्रत्येक तडा, प्रत्येक बोटाचा ठसा, प्रत्येक खरवडलेली जागा बाण काढून, शेजारी टीप लिहून नोंदवली गेली, आणि २००० साली त्यांनी ‘कंडिशन रिपोर्ट’ या नावाने दोन छापचित्रं शेजारी-शेजारी मांडली : डावीकडे नुसतं चित्र, उजवीकडे तेच चित्र नोंदींसकट. चित्र जवळून कसं पाहायचं हे शिकवायला याहून चांगलं साधन आमच्या माहितीत नाही. वर्गात कुठल्याही चित्राची झेरॉक्स देऊन मुलांना अशाच नोंदी करायला लावाव्यात. ‘छान आहे’ लिहायचं नाही. ‘डाव्या खालच्या कोपऱ्यात रंग ओघळलाय, वरची कड सरळ नाही’ असं लिहायचं.

एल अनात्सुई यांच्याबद्दल थोडक्यात. घानात जन्म, अनेक वर्षं काम नायजेरियातल्या न्सुक्का इथे. दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची बुचं चेपून, बाटलीच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्या उलगडून, कडांना भोकं पाडून ती तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेली. लांबून जरीचं वस्त्र, हातभर अंतरावरून दारूच्या ब्रँडची नावं. आकार ठरलेला नाही. प्रत्येक वेळी टांगणारे चुण्या नव्याने पाडतात. म्हणून दोन फोटोंत एकच काम वेगळं दिसलं तर छापणाऱ्याची चूक समजू नये.

नागपुरातली कितीतरी घरं मुलं-सुना-जावयांकडे अमेरिका-इंग्लंडला जाऊन महिना-दोन महिने राहतात. त्यांना ही कामं प्रत्यक्ष पाहता येतील. वॉशिंग्टनच्या वर सांगितलेल्या दोन्ही संग्रहालयांत प्रवेश फुकट आहे, टेटचा कायमचा संग्रहही फुकट. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला तिकीट आहे, पण तिथे मार्शल यांचं ‘मेनी मॅन्शन्स’ (१९९४) आहे : साडेनऊ फूट बाय सव्वाअकरा फूट, पांढरे सदरे आणि टाय घातलेले तीन काळे पुरुष सरकारी वसाहतीच्या बागेत काम करताहेत. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते काम सध्या दालनात मांडलंय का ते तपासावं. आजच्या काळातली कामं फिरती ठेवतात. कागदावरची आणि कापडावरची तर उजेडाने रंग उडू नये म्हणून मध्येमध्ये उतरवतातच.

दालनात शिरल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती पाटी आधी वाचण्याची. पाटी वाचली की डोळे पाटीत सांगितलेलं तेवढंच शोधतात. आधी संपूर्ण चित्र नजरेत मावेल इतकं मागे जावं, मग हातभर अंतरावर यावं, मग दोन्ही बाजूंनी तिरकं पाहावं, आणि पाटी शेवटी. एका चित्राला दहा मिनिटं दिली तर एका फेरीत तीन-चार चित्रं पुरेत. गडद चित्रापुढे आणखी एक अडचण येते. आजूबाजूच्या पांढऱ्या भिंतींच्या उजेडाने डोळ्याची बाहुली लहान होते आणि काळ्या छटा डोळ्यांना सापडत नाहीत. दोन्ही तळव्यांनी डोळ्यांच्या कडा झाकून फक्त चित्रच दिसेल असं करावं आणि मिनिटभर थांबावं. चित्रावर दिव्याची चमक पडत असेल तर एक पाऊल बाजूला. जमिनीवरची पट्टी ओलांडू नये, बोट दाखवताना हात लांब करू नये, फ्लॅश मारू नये. फोटो काढायचाच तर एक पूर्ण चित्राचा, एक पाटीचा आणि दोन-तीन जवळचे.

सवय नागपुरातच लावता येते. अजब बंगल्यात म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन एकाच मूर्तीपुढे वा शिलालेखापुढे असंच उभं राहून पाहावं. दगडावर तिरका उजेड पडला की छिन्नीचे घाव उठून दिसतात, समोरून ते दिसत नाहीत.

शाळांसाठी एक इशारा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. जिथे काळा हवा तिथे पडद्याचा जो रंग असेल तोच दिसतो. उघड्या खिडक्यांच्या वर्गात मार्शल यांची माणसं पांढऱ्या भिंतीवर राखाडी होतात आणि मुलांना वाटतं, चित्रच असं आहे. खिडक्या काळ्या कापडाने झाका, नाहीतर चांगल्या टीव्हीवर दाखवा आणि त्यातली रंग भडक करणारी ‘व्हिव्हिड’ सेटिंग बंद करा. हयात चित्रकारांच्या कामावर त्यांचा हक्क असतो, त्यामुळे संग्रहालयं अनेकदा मोठे फोटो देत नाहीत. छोटा फोटो ताणून भिंतभर करू नका, फुटतो. त्याऐवजी आधी मैदानात खडूने खऱ्या मापाची चौकट आखा, मुलांना तिच्यात उभं करा, आणि मग फोटो दाखवा.

शेवटचा मुद्दा शासकीय रेखाकला परीक्षांचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात बहुतेक मुलं माणसं रंगवताना रंगपेटीतला ‘स्किन कलर’ लावतात, फिक्का गुलाबी. वर्गातल्या एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नसते. काळ्या पाषाणाचा विठोबा कॅलेंडरवर गोरा होतो तो याच सवयीने, आणि तुमच्या पुरवणीतल्या फोटोत गडद छटा वर ओढणारा हातही याच सवयीने चालला. पोस्टर कलरमध्ये सावळी आणि काळी कातडी करायची तर बाटलीतल्या काळ्यात पांढरा मिसळू नये. सिमेंटचा रंग येतो. बर्न्ट सिएना दोन भाग, अल्ट्रामरीन निळा एक भाग, एवढ्यात काळ्याच्या जवळ जाणारा जिवंत तपकिरी मिळतो. निळा वाढवला की सावलीचा थंड काळा, क्रिमसन थेंबभर टाकला की ओठांचा आणि कानाचा. उजेडाकडच्या बाजूला पांढऱ्याऐवजी यलो ऑकर. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालफड यांवर मोकळ्या आभाळाचा उजेड पडलेला असेल तर तिथे अगदी बारीक फिकट निळा, कारण काळी कातडी आभाळाचा रंग परत फेकते. पोस्टर कलरमधले गडद रंग वाळल्यावर फिके पडतात, म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्यावं आणि मगच चित्रात घ्यावं. असं रंगवणाऱ्या मुलाला शाळेतल्या सराव परीक्षेत ‘माणसं फार काळी केलीस’ म्हणून कमी गुण पडू नयेत, ही आमची सहकारी शिक्षकांना आणि परीक्षकांना हात जोडून विनंती आहे.

कळावे,
आपले,
चित्रकला शिकवणारे आणि छपाईत काम करणारे काही वाचक, नागपूर